एकाच नवऱ्याशी दुसरं लग्न

माझ्या सासूबाई आधी माझ्या पेशंट होत्या. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट आहे. त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि काही केल्या त्या तो गुडघा वाकवायला तयार नव्हत्या. दुखायला लागलं की डोळे मिटून काहीतरी पुटपुटायच्या. आधी मला वाटलं, मलाच शिव्या घालताहेत. नंतर कळलं, प्रार्थना चालू असायची.

त्यांना आणायला-न्यायला मुलगा यायचा. तो विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासतो. आईला घरी सोडलं की हेल्मेट घालून हायवेनं मोडनिंब नाहीतर टेंभुर्णीकडं निघायचा, कुठंतरी उलटलेला ट्रक बघायला. वडील रेल्वेत गार्ड होते, मूळचे गोव्याकडचे. बदल्या होत होत सोलापुरात आले आणि इथंच वारले. सासूबाई घरात कोंकणी बोलतात, पण हा इथंच जन्मलेला, दर वाक्याला ‘की’ लावणारा पक्का सोलापुरी. घर कॅथलिक. मी मैंदर्गीची, लिंगायत. आमच्याकडं चुलीपाशी कन्नड आणि दुकानात मराठी.

गुडघा बरा झाला तरी तो येत राहिला. कधी आईचा रिपोर्ट दाखवायला, कधी नुसता चहाला. वर्षभरानं आम्ही लग्न करायचं ठरवलं. तोवर ‘आमच्या मॅडम’ म्हणून माझं कौतुक करणाऱ्या सासूबाई हे ऐकल्यावर गप्प झाल्या. भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की चर्चमध्ये करा, बाकी मला काही मागायचं नाही.

म्हणून आम्ही चर्चमध्ये विचारायला गेलो. तेव्हाचे फादर तरुण होते, भराभर बोलणारे. मला धर्म बदलावा लागणार नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं आणि मला फार बरं वाटलं. पण माझा बाप्तिस्मा झालेला नसल्यामुळं बिशपांची खास परवानगी लागेल. लग्नाआधी दोघांना एक शिबिर करावं लागेल. तीन रविवार चर्चमध्ये नावं वाचून दाखवली जातील, कुणाला अडचण माहीत असेल तर त्यानं सांगावी म्हणून. आणि नवऱ्या मुलाला वचन द्यावं लागेल, की होणाऱ्या मुलांचा बाप्तिस्मा व्हावा, ती कॅथलिक म्हणून वाढावीत, यासाठी तो त्याच्या परीनं सगळं करील. मला वचन द्यायचं नव्हतं. त्यानं दिलेलं वचन मला माहीत आहे, एवढं फक्त मी मान्य करायचं.

मी तिथंच अडकले. मुलाचा अजून पत्ता नाही आणि त्याचा धर्म आधी ठरवून टाकायचा, हे माझ्या घशाखाली उतरेना. शिवाय अप्पांचा चेहरा समोर येत होता. माझे वडील. चर्चमधला एक फोटो जरी मैंदर्गीत पोचला असता, तरी मी ख्रिश्चन झाले असंच त्यांनी धरलं असतं. बाहेर येऊन मोटारसायकलपाशी उभे राहिलो तेव्हा मी म्हटलं, आपण कोर्टात करू. तो किल्लीशी चाळा करत होता. मग म्हणाला, मम्मीला मी सांगतो.

सगळे ‘कोर्ट मॅरेज’ म्हणतात, पण त्यात कोर्ट कुठं नसतंच. एक नोंदणी कार्यालय असतं. तिथं आधी नोटीस द्यायची, ती महिनाभर फलकावर लागते, आणि कुणाची कायदेशीर हरकत आली नाही की मग लग्न. चर्चमधलं ते तीन रविवारांचं वाचन आणि हा फलक यांत मला तेव्हा काही फरक वाटला नाही. दोन्हीकडं आपलं नाव लोकांपुढं टांगायचं आणि वाट बघायची.

तो महिना मी कसा काढला ते माझं मलाच माहीत. डबा अर्धा खाऊन उठायचे. पेशंटचा हात हातात असताना तो किती वेळा वर नेला ते मोजायचं विसरायचे. ड्यूटी संपली की रिक्षानं त्या कार्यालयापर्यंत जायचे, फलकावर आमची नोटीस आहे ना बघायचे, आणि परत यायचे. ती तिथं असली की भीती वाटायची. वर दुसरा कुठला कागद आला असला तर त्याहून जास्त.

त्या कार्यालयात जमिनीची खरेदीखतंही होतात. आमच्या गावचे एक गृहस्थ प्लॉटच्या कामाला आले होते. नंबर लागेना म्हणून उभ्या उभ्या फलक वाचत राहिले. लग्नाचं मी घरी दिवाळीतच सांगितलं होतं. अप्पांनी त्यावर हो-नाही काही म्हटलं नव्हतं, जेवणाचं ताट तेवढं जरा लवकर बाजूला सारलं होतं. आता गावात बातमी गेली ती अशी, की मुलीनं धर्म बदलल्याची नोटीस सरकारनं लावली आहे.

दुसऱ्या दिवशी अप्पा हॉस्पिटलात आले. आत निरोप पाठवला नाही. रीतसर नंबर घेऊन खांदे-कंबर धरून बसलेल्या माणसांत बाकावर बसून राहिले. नंबर आला तेव्हा आत आले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“धर्म बदलल्याची नोटीस लागलीय म्हनं,” ते म्हणाले.

“लग्नाची आहे, अप्पा. धर्म बदलायचा नाही म्हणून तर तिथं लावलीय.”

“म्हंजे तू हाय तीच ऱ्हाणार?”

“हो.”

“आन् त्यो?”

“तोही आहे तोच.”

अप्पांनी टोपीची घडी नीट केली. मग विचारलं, “मग लगीन लागणार कुणाम्होरं?”

“सरकारपुढं.”

ते खोलीतल्या वस्तू बघू लागले. भिंतीवरचं खांद्याच्या व्यायामाचं चाक, दोऱ्या, वजनं. “सरकार लई दिस टिकत न्हाय, यव्वा,” ते म्हणाले. माया आली की ते मला यव्वा म्हणतात, त्यामुळं मला जास्तच भरून आलं. लग्नाला मात्र ते आले नाहीत. अव्वाला, म्हणजे माझ्या आईलाही, पाठवलं नाही.

लग्नाच्या दिवशी सासूबाईही आल्या नाहीत. तीन साक्षीदार लागतात, तर माझ्या दोन सहकारी आणि त्याचा एक शाळेतला मित्र असे तिघं उभे राहिले. आमच्या आधी एका शेतजमिनीचं काम चाललं होतं आणि दोन भाऊ हद्दीवरून हळू आवाजात भांडत होते. मग सर्व्हर बंद पडला. मी नेसलेली इरकल साडी घामानं पाठीला चिकटली होती. शेवटी आत बोलावलं. अधिकारी बाई सभ्य होत्या. कायद्यात ठरलेलं एक वाक्य दोघांना मोठ्यानं म्हणायला लावलं, की मी तुम्हाला कायदेशीर पती म्हणून स्वीकारते, मी तुम्हाला कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो. अंगठे उमटवले, छोट्या कॅमेऱ्याकडं बघितलं. बाईंनी पेढा घेतला आणि पुढच्यांना हाक मारली.

मी बाहेर आले तेव्हा खूश होते, खोटं कशाला सांगू. पण एक गोष्ट मनात फिरत राहिली. नेमकं कुठल्या क्षणी झालं ते मला कळलंच नव्हतं. वाक्य म्हटलं तेव्हा, की सही केली तेव्हा, की बाईंनी पेढा घेतला तेव्हा? मैंदर्गीत लग्नं लागताना अक्षता डोक्यावर पडल्या की सगळ्यांना कळतं. इथं मी वळून नवऱ्याला विचारलं, “झालं का?” तो म्हणाला, “झालं की.”

सासूबाईंनी मला घरात घेतलं. वाईट वागवलं असं एकदाही नाही. सकाळी माझा डबा त्या भरायच्या, माझ्यासाठी बिनमासळीची आमटी वेगळी ठेवायच्या. पण ओळख करून देताना अडखळायच्या. शेजारच्या बाई आल्या तर म्हणायच्या, “ही आमच्याकडं असते, फिजिओथेरपीची मॅडम.” मी आतून ऐकायचे आणि हातातलं भांडं जरा जोरात ठेवायचे.

एका रविवारी मी सहज म्हणून दोघांबरोबर चर्चमध्ये गेले. मागच्या बाजूला बसलो. प्रार्थना, गाणी, फादरांचं बोलणं, सगळं मला ऐकायला बरं वाटत होतं. शेवटाकडं लोक रांगेनं पुढं जाऊ लागले. फादर प्रत्येकाच्या हातावर ती पांढरी, पातळ भाकर ठेवत होते. त्यांच्यासाठी ते ख्रिस्ताचं शरीर, एवढं मला ऐकून माहीत होतं. सासूबाई उठल्या, काठी टेकत रांगेत गेल्या. आमच्या बाकावरचे सगळे उठले. नवरा उठला नाही. त्यानं पाय एका बाजूला वळवून घेतले आणि लोक त्याच्या गुडघ्यांना घासत पुढं गेले. तो समोरच्या बाकाच्या पाठीकडं बघत बसला होता.

बाहेर आल्यावर मी विचारलं, तू का नाही गेलास. म्हणाला, सवय झालीय आता. मी पुन्हा विचारलं तेव्हा सांगितलं. कॅथलिक माणसानं परवानगीशिवाय, चर्चच्या बाहेर लग्न केलं तर चर्च ते लग्न धरत नाही. आणि लग्न धरलं नाही तर दोघं एकत्र राहतात ते लग्नाशिवायच राहतात, असा हिशोब होतो. मग ती भाकर घ्यायला जाता येत नाही.

मला आधी राग आला तो त्याच्यावर. इतके महिने हे त्यानं एकट्यानं गिळलं होतं. मग चर्चवर आला. माझ्याकडं सरकारी शिक्क्याचा दाखला होता. बँकेनं तो मानला, पासपोर्टवाल्यांनी मानला. घरी येऊन मी सासूबाईंना सरळ विचारलं, की तुमच्या हिशोबानं मी कोण.

त्या भाजी निवडत होत्या. खाली मान घालूनच म्हणाल्या, “मी तुला सून मानते. पण तिथं माझं मानणं चालत नाही.”

त्यानंतर माझं कुठं चित्त लागेना. मी घर आवरायला काढायचे आणि अर्धवट टाकायचे. संध्याकाळी रेल्वे लाईन्स भागातल्या जुन्या झाडांखालून एकटीच चालत सुटायचे, स्टेशनपर्यंत जायचे, काही काम नसताना. रविवार जवळ आला की जास्त. नवरा आईला घेऊन चर्चला जाई, दर रविवारी, एकही न चुकवता. मी घरी बसून मनात तोच बाक बघत असे.

मग मुलगी झाली. त्या निमित्तानं अप्पा आणि अव्वा आमच्या घरी पहिल्यांदा आले. अप्पांनी येताना बाळासाठी इवलंसं इष्टलिंग आणलं होतं, मऊ कापडात बांधून. आमच्यात बाळ जन्मलं की लिंगधारणा करतात, म्हणजे लिंग बाळाच्या अंगाला लावून त्याला शिवाच्या स्वाधीन करतात. सासूबाईंनी बाप्तिस्म्याचा पांढरा झगा आधीच कपाटात ठेवला होता, नवऱ्याच्याच लहानपणीचा. मी ते दोन्ही बघितलं आणि बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेले.

भांडण होईल म्हणून मी कान लावून बसले होते. बाहेर दोघं चहा पीत बोलत होते. अव्वाला मराठी फार येत नाही, ती नुसती ऐकत होती. सासूबाई सांगत होत्या, की रात्रंदिवस त्यांना एकच धास्ती आहे, पोरीला कुठल्याच देवाचं बोट धरायला नाही. अप्पा म्हणाले, “व्हय बाई. तुमचं खरं हाय. लेकरू असं मोकळं सोडत न्हाईत.” दोघांचं पूर्ण एकमत झालं होतं. कुणाचं बोट, एवढंच ठरायचं बाकी होतं, आणि तो प्रश्न दोघांनीही काढला नाही. जाताना अप्पांनी ते लिंग माझ्याजवळ दिलं. मी ते माझ्या देव्हाऱ्यात ठेवलं, बाळाला लावलं नाही. झगाही कपाटातच राहिला.

अशी बरीच वर्षं गेली. मुलगी शाळेत जायला लागली. वरून बघणाऱ्याला आमच्या संसारात काही कमी दिसलं नसतं.

मग नणंदेला बाळ झालं. ती पुण्यात असते. तिला एकच भाऊ, आणि लहानपणापासून तिनं ठरवलेलं, की आपल्या बाळाचा गॉडफादर हाच होणार. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला हातात धरून उभा राहतो, त्याच्या श्रद्धेची जबाबदारी घेतो, तो गॉडफादर. नवऱ्यानं नवा सदरा शिवून घेतला. पुण्याला पोचल्यावर तिथल्या फादरांनी त्याला बाजूला बोलावलं, चार प्रश्न विचारले आणि शांतपणे सांगितलं, की लग्न चर्चमध्ये झालेलं नाही तोवर हे करता येणार नाही. बाळाला नणंदेच्या दिरानं धरलं. माझा नवरा फोटो काढत होता. प्रत्येक फोटो चांगला आला आहे, एकही हललेला नाही.

मग आम्ही परतीची गाडी धरली. सासूबाई जपमाळ घेऊन खिडकीशी. तो दौंडपासून दारात उभा. कुर्डुवाडीला गाडी थांबली तेव्हा तो खाली उतरला आणि प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर जाऊन बसला. गाडी सुटायची वेळ झाली तरी उठेना. मी दारातून हाक मारली. त्यानं वर बघितलं, आणि माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी कोण ते त्याला आठवावं लागत होतं. मग पळत येऊन डब्यात चढला. मला म्हणाला, “मला तुझ्याबद्दल काही म्हणायचं नाही. मला फक्त कुठंतरी धड बसायचंय.”

त्या आठवड्यात मी एकटीच चर्चमध्ये गेले, कुणाला न सांगता. आता फादर बदलले होते. हे वयस्क होते, अंगणातल्या कुंड्यांना पाणी घालत होते. मला बसायला सांगून त्यांनी आधी पाणी घालणं पुरं केलं.

मी सगळं सांगितलं आणि विचारलं, “मग इतकी वर्षं आम्ही कोण होतो?”

ते म्हणाले, “कायद्यानं तुम्ही नवरा-बायको आहात, त्याला मी खोटं म्हणत नाही. देवानं काय मानलं ते मला ठाऊक नाही. चर्चला कुणी साक्षीला बोलावलं नव्हतं, एवढंच मी सांगू शकतो.”

अजूनही रस्ता होता. बिशपांची परवानगी मागवायची, आणि मग छोटासा विधी, त्यात दोघांनी पुन्हा नव्यानं एकमेकांना होकार द्यायचा. माझा धर्म माझ्याकडंच राहील. मुलांबद्दलचं वचन मात्र तेव्हाचंच होतं, नवऱ्यानं द्यायचं, त्याच्या परीनं प्रयत्न करण्याचं.

“आणि मीही माझ्या परीनं प्रयत्न केला तर?” मी विचारलं.

“तर घरात प्रयत्न करणारे दोघं होतील,” ते म्हणाले. “पुष्कळ घरांत एकही नसतो.”

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली, जिनं माझी पुढची झोप उडवली. म्हणाले, सरकारी लग्नात न जमलं तर बाहेर पडायचा रस्ता कायद्यानंच ठेवला आहे. आम्ही तसा रस्ता ठेवत नाही. मरेपर्यंत, एवढं एकच आम्ही विचारतो. त्यामुळं विधीआधी मी दोघांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारीन. तुम्ही स्वतःच्या मनानं येताय का? कुणाचा दबाव आहे का? नीट विचार करून या.

पहिल्या लग्नात असं कुणी विचारलंच नव्हतं. वय किती, आधीचं लग्न आहे का, नात्यातले आहात का, बस. तेव्हा मला विचारायची गरजही नव्हती. सगळे विरोधात होते, त्यामुळं माझा होकार आपोआप भक्कम झाला होता. आता कुणी विरोधात नव्हतं आणि मला पहिल्यांदा प्रश्न पडला, की ह्या माणसाशी मी पुन्हा लग्न करीन का? त्याचं गप्प बसणं मला ठाऊक होतं. मनातलं वर्षानुवर्षं न सांगणं ठाऊक होतं. जेवताना अपघाताच्या गोष्टी सांगण्याची सवयही. आणि मला हो म्हणावंसं वाटत होतं ते त्याच्यासाठी, की त्या बाकासाठी, की सासूबाईंच्या काठीसाठी? हाही एक दबावच नाही का? चालताना, पेशंटचं मनगट फिरवताना, मुलीची वेणी घालताना मी हेच चघळत राहिले.

प्रश्न विचारायच्या दिवशी फादरांसमोर बसले आणि म्हटलं, “माझं उत्तर अजून तयार नाही.” त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावले नाहीत. पुन्हा या म्हणाले.

बाहेर नवरा वाट बघत होता. मी खरं ते सांगितलं. त्याला लागलं. “इतकी वर्षं राहिलीस की माझ्याबरोबर,” तो म्हणाला, “आणि अजून विचार करायचाय?” आम्ही त्या फाटकाशी उभे राहून जे भांडलो, तसं आजवर भांडलो नव्हतो. मी त्याला म्हटलं, की तू एका रविवारी तरी घरी येऊन टेबलावर हात आपटला असतास, तर मी केव्हाच इथं आले असते. तो म्हणाला, की आपटला असता तर तू माझ्यासाठी आली असतीस, आणि मला तसं नको होतं. मग तो आत गेला, त्याची उत्तरं द्यायला. थोड्या वेळानं बाहेर आला. म्हणाला, मीही थांबलो.

“तू का?”

“मुलीबद्दल वचन द्यायचंय. अप्पांनी दिलेलं ते लिंग आपल्या घरात आहे. त्यांना न सांगता मी तसं म्हटलं तर ते चोरून म्हटल्यासारखं होईल.”

त्या वाक्यापाशी माझं उत्तर तयार झालं. तसं मी तेव्हा त्याला सांगितलं नाही. फक्त मागच्या सीटवर बसले आणि म्हटलं, मैंदर्गीला जाऊ.

अक्कलकोट ओलांडून गावात पोचलो तेव्हा अप्पा दुकानाच्या पायरीवर बसले होते. नवऱ्यानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. वचनाचे शब्दही जसेच्या तसे. अप्पांनी त्याला बसायला लावलं, अव्वानं ताक आणलं. अप्पा म्हणाले, “तुमी मला इचारायला आला, का सांगायला?”

“सांगायला,” नवरा म्हणाला. “पण तुम्ही नको म्हणालात तर मी थांबेन.”

अप्पा माझ्याकडं वळून कन्नडमध्ये बोलले. तुझं लिंग गळ्यात आहे का, त्यांनी विचारलं. मी दाखवलं. पोरीला आमच्याकडं सुट्टीला पाठवणार का? मी हो म्हटलं. “आयतु,” ते म्हणाले. म्हणजे झालं. पुढं मराठीत, नवऱ्याकडं बघून, “तुमचा परयत्न तुमी करा. आमचा आमी करतो.”

परवानगी यायला वेळ लागला. एका साध्या वारी सकाळी विधी झाला. दोन साक्षीदार पुरेसे होते. नणंद पुण्याहून आली, आणि पहिल्या वेळच्या माझ्या दोन सहकाऱ्यांपैकी एक. अप्पा आणि अव्वा आले. अप्पांनी चपला कुठं काढायच्या ते विचारलं, काढायच्या नसतात हे ऐकल्यावरही काढल्याच. सासूबाई पहिल्या बाकावर.

फादरांनी नाव घेऊन विचारलं आणि आम्ही एकमेकांचा उजवा हात धरला. सुखात, दुःखात, आजारपणात, मरेपर्यंत. मला वाटलं होतं माझा आवाज कापेल. तसं झालं नाही. मला माहीत होतं मी कशाला हो म्हणते आहे, त्याचे कपाळाला आठ्या घालून गप्प बसण्याचे दिवसही धरून. त्याचाच आवाज फुटला. फादर थांबले, त्याला पाणी दिलं, आणि त्यानं वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हटलं.

विधी झाल्यावर सासूबाई अंगणात दोन ओळखीच्या बायकांपाशी मला घेऊन गेल्या. “ही माझी सून,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, “खूप वर्षांची आहे.”

सगळं सुटलं असं मात्र झालं नाही. पुढच्या रविवारी नवरा रांगेत गेला आणि मी बाकावर एकटी राहिले. तो परत येऊन बसला तेव्हा त्याचा चेहरा सैल झाला होता. मला बरं वाटलं, आणि त्याच वेळी एक जुनं दुखणंही हललं. ज्या गोष्टीनं तो इतका निवला, तिथं मला जागा नाही. ती मला मागायचीही नाही. तरी ते दुखतं.

मुलगी आता प्रश्न विचारण्याच्या वयात आहे. आजीबरोबर चर्चला जाते, तिथली गाणी तिला पाठ आहेत. मैंदर्गीला गेली की कपाळावर विभूती लावून अप्पांच्या शेजारी डोळे मिटून बसते. बाप्तिस्मा अजून झालेला नाही, लिंगधारणाही नाही. नवरा वचनाला धरून विषय काढतो, मी माझं म्हणणं मांडते, कधी चिडतो, कधी उद्यावर टाकतो. सासूबाईंचा गुडघा पुन्हा आखडायला लागलाय, म्हणून मी रोज सकाळी त्यांच्याकडून व्यायाम करून घेते. काल पाय वर धरून असतानाच त्यांनी विचारलं, की ह्या ईस्टरला तरी पोरीचं काही ठरणार का. मी म्हटलं, मम्मी, आधी पाय सरळ करा.